जीपचे इंजिन बदलले, मग वायरिंगचे काय?

मुलुंड पश्चिमेला लाल बहादूर शास्त्री मार्गाला जुनी माणसे अजूनही 'आग्रा रोड' म्हणतात. हाच रस्ता पुढे ठाणे, कसारा घाट, इगतपुरी करत नाशिककडे जातो. मुलुंड म्हणजे मुंबईची वेस. २०१७ साली जकात बंद होईपर्यंत इथल्या चेकनाक्यावर मालमोटारींच्या रांगा लागत. जिथे गाड्या थांबतात तिथे गॅरेज उभे राहते. माझ्या लहानपणी या रस्त्याच्या कडेला आणि आतल्या गाळ्यांत मिस्त्री, वायरमन, टर्नर, रेडिएटरला डाग देणारे असे सगळे कारागीर भेटत.

१९९४ सालची गोष्ट. मी तेव्हा आठवीत होते. माझ्या मामांनी मुरबाडजवळच्या शेतावर जाण्यायेण्यासाठी एक जुनी पेट्रोल जीप घेतली होती. पेट्रोलचा खर्च परवडेना, म्हणून त्यांनी रीतसर परवानगी काढून एका गॅरेजमध्ये तिला डिझेल इंजिन बसवून घेतले. पंधरा दिवसांनी जीप घरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी सेल्फ मारला. इंजिन जडपणे फिरले, पण सुरू झाले नाही. पुन्हा मारला. तिसऱ्या वेळी इंजिन धडधडू लागले, आणि त्याच क्षणी डॅशबोर्डखालून प्लास्टिक जळल्याचा वास व धूर येऊ लागला. मामांनी घाईने चावी काढली. इंजिन चालूच! मग त्यांनी इंजिन बंद करण्यासाठी बसवलेली दांडी ओढली. ती जागची हलेना. शेवटी त्यांनी वरचा गिअर टाकला, ब्रेक दाबून धरला आणि क्लच सोडला. जीपने एक हिसका दिला आणि इंजिन बंद पडले.

इंजिन उत्तम होते. वायरी नव्याकोऱ्या होत्या. मग जळले काय? आणि का? या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी जीपच्या बॉनेटखाली गेल्या ऐंशी वर्षांत काय काय बदलले, ते आधी पाहावे लागेल.

बॉनेट उंच का झाले?

जीप जन्मली ती दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकेत. विलिज आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप सैन्याला पुरवल्या. तिचे इंजिन चार सिलिंडरचे, सुमारे २२०० घन सेंटिमीटरचे आणि ६० अश्वशक्तीचे होते. त्यातील हवा आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी अशा दोन्ही झडपा सिलिंडरच्या शेजारी, खालच्या ठोकळ्यात होत्या. त्यामुळे इंजिनचा माथा सपाट आणि बॉनेट ठेंगणे होते.

युद्धानंतर विलिजने त्याच ठोकळ्यावर नवा माथा बसवला. आत घेणारी झडप वर नेली, बाहेर सोडणारी खालीच ठेवली. वरची झडप मोठी करता आली, हवा-पेट्रोलचे मिश्रण अधिक आत येऊ लागले आणि शक्ती ७० अश्वशक्तीच्या पुढे गेली. पण इंजिन उंच झाले. ते जुन्या बॉनेटखाली मावेना. १९५३ साली विलिजने यावर अगदी सरळ उपाय केला: बॉनेटच उंच केले! हीच ती 'सीजे-३बी' जीप. भारतीय रस्त्यांवर पोलीस, वनखाते, बांधकाम खाते आणि निवडणुकीचा प्रचार यांतून आपल्या ओळखीचा झालेला तिचा उंच कपाळाचा चेहरा म्हणजे एका झडपेने जागा बदलल्याचा परिणाम आहे.

या जीपचे मुंबईशी जवळचे नाते आहे. १९४५ साली स्थापन झालेल्या 'महिंद्र अँड मोहंमद' कंपनीचे फाळणीनंतर, १९४८ मध्ये, 'महिंद्र अँड महिंद्र' असे नामांतर झाले. भागीदार गुलाम मोहंमद पाकिस्तानात गेले व त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले. १९४९ पासून या कंपनीने माझगावला विलिज जीपचे सुटे भाग जोडून गाड्या तयार करायला सुरुवात केली. पुढे भागही इथेच बनू लागले. अमेरिकेत सीजे-३बी १९६८ साली बंद झाली, पण आपल्याकडे ती त्यानंतरही कितीतरी वर्षे बनत राहिली. एकच ढाचा इतकी वर्षे टिकला, म्हणून त्यात बदल करण्याची विद्याही गल्लोगल्ली रुजली.

सहा व्होल्ट, बारा व्होल्ट

युद्धकाळातील जीपची बॅटरी ६ व्होल्टची होती. १९५०च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील मोटारी १२ व्होल्टकडे वळल्या. जुनी गाडी सुधारणाऱ्या मिस्त्रीच्या हातची पहिली मोठी विद्युत दुरुस्ती असे ती हीच, सहाची बारा करण्याची.

कारण समजायला साधे गणित पुरते. विद्युतशक्ती म्हणजे विभवांतर गुणिले विद्युतप्रवाह. सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर, फिरवायला समजा १००० वॉट लागतात. ६ व्होल्टवर त्यासाठी सुमारे १६७ अँपिअर प्रवाह हवा, तर १२ व्होल्टवर ८३. प्रवाह निम्मा झाला. आता वायरमध्ये उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती ही प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे त्याच वायरमधला तोटा एकचतुर्थांश झाला!

मुलुंडच्या मुलांना हेच तत्त्व डोक्यावर टांगलेले दिसते. मुंबईत १९२५ साली विजेची गाडी सुरू झाली ती १५०० व्होल्ट एकदिश दाबावर. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २०१५ पर्यंत त्याऐवजी २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती दाब आला. डबे वाढले, वेग वाढला, अधिक शक्ती हवी झाली. प्रवाह वाढवत नेण्यापेक्षा दाब वाढवणे शहाणपणाचे ठरले. रेल्वे आणि जीप यांच्या आकारात कितीही फरक असो, हिशेब एकच.

पण दाब दुप्पट केला की गाडीतल्या प्रत्येक उपकरणाला त्याचा जाब द्यावा लागतो. ६ व्होल्टचा दिवा १२ व्होल्टवर लावला आणि त्याचा रोध तेवढाच राहिला असे धरले, तर प्रवाह दुप्पट आणि शक्ती चौपट होते. प्रत्यक्षात तार तापली की तिचा रोध थोडा वाढतो, तरी दिवा जायचा तो जातोच. म्हणून दिवे, हॉर्न, चार्जिंगचे यंत्र आणि ठिणगीची कॉइल हे सगळे बदलावे लागते. मात्र वायरी जुन्याच चालतात, कारण त्यांच्यातून आता कमी प्रवाह जातो. कोणती वस्तू बदलायची आणि कोणती ठेवायची, हे ज्याला सांगता येते त्याला ओमचा नियम खऱ्या अर्थाने समजला.

डिझेलची लाट

१९७३च्या अखेरीस अरब-इस्रायल युद्धानंतर कच्च्या तेलाची किंमत काही महिन्यांत जवळपास चौपट झाली. भारतात डिझेलवरील कर पेट्रोलपेक्षा कमी असल्याने दोहोंच्या किमतीत मोठे अंतर असे. शिवाय एका लिटरमध्ये डिझेल इंजिन अधिक अंतर नेते. जुन्या जीपचे पेट्रोल इंजिन उतरवून तिथे डिझेल इंजिन बसवण्याची लाट यातून आली.

इंजिन मिळवणे अवघड नव्हते. १९६३ साली महिंद्र, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून ट्रॅक्टरची कंपनी काढली होती. तिच्या ट्रॅक्टरचे दणकट डिझेल इंजिन जीपच्या गॅरेजमध्येही पोहोचले. १९७९ साली महिंद्रने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी करार केला आणि 'एक्सडीपी ४.९०' नावाचे डिझेल इंजिन इगतपुरीला बनू लागले. मुलुंडवरून जाणाऱ्या त्याच आग्रा रोडवर, घाटाच्या माथ्यावर. या नावात एक छोटा धडा लपलेला आहे. ४ म्हणजे चार सिलिंडर आणि ९० म्हणजे सिलिंडरचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दट्ट्याची धाव ८३ मिलिमीटर. विद्यार्थ्यांना वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र वापरायला सांगा. चार सिलिंडरचे मिळून २११२ घन सेंटिमीटर येतात, आणि कंपनीचा आकडाही तोच आहे.

आता बॉनेटखालची अडचण. नवे इंजिन आणि जुना गिअरबॉक्स यांच्यामध्ये लोखंडी जोडपट्टी बनवावी लागे. ती लेथवर कातणारा टर्नर हा या साऱ्या प्रकरणातला खरा नायक. इंजिनचा अक्ष आणि गिअरबॉक्सचा अक्ष एका रेषेत हवा. त्यात केसाएवढी चूक राहिली तर काही महिन्यांत बेअरिंग जाते. डिझेल इंजिन जड, म्हणून पुढच्या स्प्रिंगांचे पाटे वाढवायचे. ते अधिक हादरते, म्हणून त्याखाली जाड रबरी बैठका घालायच्या. या रबरी बैठका लक्षात ठेवा; त्या पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहेत.

ट्रॅक्टरचे इंजिन बसवले की आणखी एक गंमत होई. ते मिनिटाला साधारण २००० फेऱ्यांपर्यंतच फिरते, तर जीपचे पेट्रोल इंजिन ४००० पर्यंत. वरच्या गिअरमध्ये इंजिनच्या ५.३८ फेऱ्यांना चाकाची एक फेरी होते आणि चाकाचा घेर सुमारे २.२ मीटर आहे असे घेऊन वेग काढा. २००० फेऱ्यांना ताशी ५० किलोमीटरसुद्धा जेमतेम येतात! म्हणजे इंजिन कितीही ताकदवान असले तरी जीप बैलगाडीच्या मागेच. उपाय म्हणजे अॅक्सलमधील दातांचे प्रमाण बदलणे. तेही पुढच्या आणि मागच्या दोन्ही अॅक्सलचे सारखेच, नाही तर चारही चाकांना जोर देताच पुढची आणि मागची चाके एकमेकांशी झुंजू लागतात.

चावीची सत्ता गेली

यांत्रिक बदल डोळ्यांना दिसतात. विद्युत बदल दिसत नाहीत, म्हणून तेच विसरले जातात.

पेट्रोल इंजिनात मिश्रण ठिणगीने पेटते. चावी फिरवली की ठिणगीचा प्रवाह तुटतो आणि इंजिन थांबते. डिझेल इंजिनात ठिणगीच नाही. तिथे हवा दाबून इतकी तापवतात की फवारलेले डिझेल आपोआप पेटते. हवा किती तापते? बाहेर उष्णता जाऊ न देता हवा दाबली असे धरू. संपीडन गुणोत्तराचा ०.४ हा घात घ्यायचा आणि त्याने सुरुवातीच्या निरपेक्ष तापमानाला गुणायचे. २७ अंश सेल्सिअसची हवा सातपट दाबली, जशी जुन्या पेट्रोल जीपमध्ये, तर सुमारे ३८० अंशांपर्यंत जाते. बावीसपट दाबली, जशी त्या प्यूजो इंजिनात, तर ७६० अंशांपर्यंत! प्रत्यक्षात काही उष्णता सिलिंडरच्या भिंती शोषून घेतात, त्यामुळे हे आकडे कमी भरतात.

याचे तीन परिणाम झाले. पहिला म्हणजे, चावी काढून इंजिन थांबेना. डिझेलचा पुरवठाच तोडावा लागतो, आणि त्यासाठी डॅशबोर्डपासून इंधनपंपापर्यंत एक पोलादी तार जाते. तिच्या टोकाची दांडी ओढली की इंजिन थांबते. मामांनी ओढली ती हीच.

दुसरा परिणाम: थंड इंजिनाच्या भिंती उष्णता खातात, म्हणून सुरू करण्याआधी आतली पोकळी तापवणारे 'हीटर प्लग' लागतात. प्रत्येकाला साधारण १० अँपिअर धरले तर चार प्लगना ४० अँपिअर झाले. दोन्ही हेडलाइट मिळून ८ अँपिअरच्या आसपास घेतात. पेट्रोल जीपच्या नाजूक चावीतून एवढा प्रवाह नेला तर चावीच वितळायची. म्हणून मध्ये रिले घालतात. रिले म्हणजे विद्युतचुंबकाने चालणारा स्विच: चावीतून जाणारा छोटा प्रवाह चुंबक तयार करतो आणि तो चुंबक मोठ्या प्रवाहाचा रस्ता जोडतो. बावीसपट संपीडनाविरुद्ध इंजिन फिरवायला स्टार्टर मोटर, बॅटरी आणि तिच्या वायरीही जाड लागतात.

तिसरा परिणाम कोणाच्याच ध्यानात येत नसे. जुन्या विलिज जीपचे वायपर विजेवर नव्हे, तर पेट्रोल इंजिन हवा ओढताना निर्माण होणाऱ्या निर्वातावर चालत. डिझेल इंजिनात हवेचा मार्ग रोखणारी झडप नसते, म्हणून हा निर्वात तयार होत नाही. इंजिन बदलले आणि पहिल्या पावसात वायपर उभेच! मग विजेचे वायपर आले. विजेची मागणी अशी चहूकडून वाढली आणि जुना डायनामो कमी पडू लागला. इंजिन संथ फिरत असताना तो बॅटरी भरतच नाही. १९६०च्या दशकात स्वस्त आणि टिकाऊ सिलिकॉन डायोड मिळू लागल्यावर आल्टरनेटर मोटारींत आला. तो संथ गतीलाही भरपूर प्रवाह देतो. पण त्याच्याशी एक सावधगिरी जोडलेली आहे. बॅटरीची टोके उलटी लावली की डायोड क्षणात जातात. डायनामोच्या काळात सवय झालेल्या कित्येकांनी ही किंमत मोजली आहे.

मग जळले काय?

आता मामांच्या जीपकडे वळू. मोटारीत बॅटरीच्या एका टोकापासून वायर उपकरणाकडे जाते, पण परत येण्यासाठी वेगळी वायर नसते. गाडीचे लोखंडी अंग हीच परतीची वाट. बॅटरीचे ऋण टोक चासीला जोडलेले असते. स्टार्टर मोटर मात्र इंजिनला जोडलेली, आणि इंजिन बसलेले रबरावर. रबर विद्युतरोधक! म्हणून इंजिन आणि चासी यांच्यामध्ये तांब्याची एक जाड विणलेली पट्टी लावतात. गॅरेजमध्ये इंजिन उतरवताना ही पट्टी काढली, आणि नवे बसवताना लावायची राहून गेली. एवढेच.

प्रवाहाला परतायचे तर होतेच. त्याने मिळेल ती वाट धरली, आणि त्या वाटांपैकी एक होती इंजिन बंद करण्याची ती पोलादी तार. तिची लांबी १ मीटर आणि व्यास १.५ मिलिमीटर धरू. तिचा रोध साधारण ०.०८ ओम येतो. आकडा अगदी किरकोळ वाटतो. पण स्टार्टरच्या प्रवाहापैकी ५० अँपिअर जरी तिच्यातून गेले, तरी ५० चा वर्ग गुणिले ०.०८ म्हणजे २०० वॉट उष्णता तिच्यात निर्माण होते. तारेचे वस्तुमान फक्त १४ ग्रॅम. पोलादाची विशिष्ट उष्णता धरून हिशेब केला, तर दर सेकंदाला तापमान सुमारे ३० अंशांनी चढते. दहा सेकंद सेल्फ मारला की तीनशे अंश! तारेभोवतीचे प्लास्टिक वितळले, तार आत चिकटली, आणि इंजिन थांबवण्याचे एकमेव साधन इंजिन सुरू करतानाच निकामी झाले. तांब्याची पट्टी असती तर? तिचा रोध ओमच्या काही दशसहस्रांशांएवढा असतो. जवळजवळ सगळा प्रवाह तिच्यातून शांतपणे परतला असता आणि ती कोमटही झाली नसती.

फ्यूज का उडाला नाही, असे मी तेव्हा विचारले होते. स्टार्टरचा प्रवाह इतका मोठा असतो की त्या मार्गात बहुधा फ्यूज ठेवतच नाहीत. दुसऱ्या एका वयस्क मिस्त्रींनी जीपखाली डोकावून दोन मिनिटांत दोष ओळखला. ते शाळेत फारसे गेले नव्हते. ते एवढेच म्हणाले, "ताई, करंट गेला तर परत यायलाच पाहिजे. तुम्ही रस्ता नाही दिला तर तो आपला आपण शोधतो." बंद परिपथाची याहून सोपी व्याख्या मला पुढे कुठल्याच पुस्तकात सापडली नाही. पदार्थविज्ञानाकडे मी वळले त्याला जी काही कारणे आहेत, त्यांत हे एक आहे.

कायदा आणि ज्ञान

१९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार तेव्हा पूर्वपरवानगीने असे बदल करता येत. २००० साली हे कलम बदलले. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल आता करता येत नाही. इंधनबदलासाठी ठरवून दिलेल्या अटींवर संच बसवता येतो. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ ठामपणे मांडला. किमतीचे गणितही बदलले. पेट्रोलचे दर २०१० मध्ये आणि डिझेलचे २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले, आणि दोहोंतले अंतर घटले.

जीप जोडणाऱ्या हातांबद्दल मला आदर आहे, तरी हा कायदा मला चुकीचा वाटत नाही. एका विसरलेल्या पट्टीने काय होते ते मी पाहिले आहे, आणि ती जीप घराच्या अंगणात होती, घाटात नव्हती. पण कायद्याने बदल थांबले की त्या बदलांमागचे ज्ञानही विरते, याची खंत आहे. ते ज्ञान कुणी लिहून ठेवले नाही. ते टर्नरच्या बोटांत आणि वायरमनच्या नजरेत होते. आपल्या गावातील एखादे जुने गॅरेज अजून उघडे असेल, तर नववी-दहावीच्या मुलांना एक दिवस तिथे न्यावे आणि मिस्त्रींना बोलते करावे.

तोवर वर्गात एक प्रयोग करता येईल. भांडी घासायच्या बारीक पोलादी काथ्यातील एकच धागा घ्या. तो फरशीच्या तुकड्यावर ठेवून त्याच्या दोन टोकांना वायरी लावा आणि टॉर्चचे दोन सेल जोडा. धागा लाल होऊन तुटेल. मग त्याच धाग्याच्या जागी तांब्याची जाड तार क्षणभरच, एक-दोन सेकंद, लावून पाहा. ती लाल होणार नाही. सेल मात्र लवकर दमतील. हा प्रयोग मोटारीच्या बॅटरीवर कधीही करू नये. मुलांनी कारण विचारले, तर त्यांनाच चौदा ग्रॅम तारेचे गणित घालावे.